पाळकाचं दाणापाणी

आमच्याकडे रविवारची उपासना किती वाजता भरणार, हे कापूस ठरवतो. एरवी सकाळी. पण वेचणी लागली की बायका उजाडताच शेतात असतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळचे दोन तास माझ्यासमोर बसून काढले तर तेवढा कापूस दुसरी कोणी वेचून नेते. म्हणून हंगामात आम्ही दिवेलागणीला जमतो. बायकांच्या पदराला कापसाचे तंतू असतात. पहिलं गीत संपेपर्यंत पोरं झोपतात, उपदेश अर्ध्यावर आला की त्यांच्या आयाही. मी कुणाला उठवत नाही.

आमचं गुडीहत्नूर तेलंगणात, आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या ४४ नंबरच्या महामार्गावर आहे. इंद्रवेल्ली-उटनूरचा रस्ता इथूनच फुटतो. आसपास मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी, उर्दू सगळं बोललं जातं. मी इथल्या एका लहान स्वतंत्र मंडळीचा पाळक. स्वतंत्र म्हणजे वरती बिशप नाही, मिशन नाही, त्यामुळे बदली नाही आणि पगारही नाही. तेलुगू घरांत पाळकाला ‘अय्यगारू’ म्हणतात, तेच मराठी घरांतही रुळलं. बायको ‘अम्मगारू’. अम्मगारूंचं शिलाई मशीन आमच्या घराचं वीजबिल भरतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

उरलेलं सगळं दानार्पणावर चालतं. शास्त्राप्रमाणे दशमांश, पण दशमांश कशाचा, हा प्रश्न कापूस विकला गेल्यावरच उभा राहतो. कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२च्या वर गेला की माल नाकारतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. तो हातात पडणं त्या ओलाव्यावर अवलंबून. कुणी तोंड पाडून दारात आला की मी आधी कापसाचंच विचारतो. “वल्ला हाय म्हणले, अय्यगारू. वापस आणला.” मग आम्ही प्रार्थना करतो, आणि तो गेल्यावर बायको डब्यातली ज्वारी किती उरली ते बघते.

ठरावीक वर्गणी का लावत नाही, असं बाहेरचे पाहुणे विचारतात. वर्गणी लावायची तर सभासदांची वही हवी, आणि वहीत नाव घालायला पुष्कळजण कचरतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठेवला. पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. आमच्या राज्यात ख्रिस्ती झालेल्या दलिताला मागासवर्गाच्या ‘सी’ गटात एक टक्का राखीव जागांत बसवतात. गोंड-कोलामांना हा आदेश लागू नाही. पण ज्यांना लागू आहे, त्यांच्या पोराला वसतिगृह मिळायचं असतं. ते दर रविवारी येतात, मोठ्याने गातात आणि वहीपासून लांब राहतात. मी त्यांना दोष देत नाही. पोराच्या शिक्षणावर पाणी सोडून वहीत सही कर, असं सांगायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

आठवडा मात्र भरलेला असतो. कुणाला रिम्स रुग्णालयात भरती केलं की आदिलाबादला जायचं, खाटेजवळ बसायचं. शेजारच्या खाटेवरचा मुसलमान म्हातारा “मेरे लिये भी दुआ करो” म्हणतो, तिथेही हात ठेवायचा. नवऱ्याने मारलं म्हणून रात्री आलेल्या बाईला अम्मगारूंजवळ झोपवायचं आणि सकाळी त्या नवऱ्याकडे जायचं. लग्नं असतात. १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही वेळ सांगतो. हे त्या काळच्या साहेबाला शोभतं. आमचं वऱ्हाड डीजेच्या मागे नाचत साडेसहाला वळणावर दिसतं. दर लग्नात नवरदेवापेक्षा माझ्याच कपाळाला जास्त घाम.

सगळ्यात पाहण्यासारखा दिवस हंगामाच्या सणाचा. त्या दिवशी जो तो पिकवलेलं आणतो: तूर, सोयाबीन, ज्वारीची कणसं, दुधी, गावरान कोंबडा पायाला सुतळी बांधून. वेदीपुढे ढीग लागतो. उपासना संपली की अंगणात लिलाव. बोली लावणारा हवा तोंडाळ; आमच्याकडे एक ट्रॅक्टरवाला आहे, तो दुधीचं असं वर्णन करतो की सोयरिक जमवतोय असं वाटावं. बाजारात पंधरा-वीस रुपयांना मिळणारा दुधी शंभरावर जातो. घेणारा तो परत देतो, “पुन्हा लावा” म्हणतो, दुधी पुन्हा विकला जातो. एक म्हातारी आजी दरवर्षी मूठभर तीळ आणते आणि त्यांची बोली वर चढू लागली की ओरडते, “इतले नका देऊ, कमी हाय ते!”

डोर्नकलचे बिशप वेदनायगम अझरय्या या प्रकारावर खूश झाले असते. ते १९१२ साली अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. गरिबातल्या गरीब मंडळीने आपल्या दाण्यांवर उभं राहावं, असा त्यांचा आग्रह होता. देण्याविषयी त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. मला ते पटतं. फक्त एक गोष्ट टोचते. लिलावात सगळ्यात मोठी बोली जो लावतो, तो आमच्याच मंडळीतल्या निम्म्या घरांना बियाणं-खतासाठी व्याजाने पैसे देतो. कोंबडा त्याचा, केळीचा घड त्याचा. माझ्या घरी ज्वारीचं पोतंही तोच पाठवतो.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय असा आहे: दुष्काळात लोकांनी शेतं, द्राक्षमळे गहाण टाकले, पोरं-पोरी गुलामीत गेल्या, आणि नहेम्या आपल्याच भावबंदांना उभं करून सांगतो, शेतं परत करा, व्याज सोडा. मी त्यावर उपदेश केला. तेलुगूत केला, मग मराठीत, म्हणजे कुणाला पळवाट राहू नये. त्याच अध्यायात पुढे नहेम्या सांगतो की अधिकारी असून आपण प्रजेकडून अन्नाचा भत्ता घेतला नाही. तेवढा भाग वाचताना घसा खाकरावा लागला. पौल तंबू शिवायचा. नहेम्या राजाचा माणूस होता. ज्याची ज्वारी खाल्ली त्याला बोलणं या दोघांच्याही वाट्याला आलं नाही. त्या वर्षी पोतं आलं, वजनही तेवढंच. पण दरवर्षी स्वतः येऊन चहा घेणारा माणूस आला नाही, गड्याला पाठवलं. व्याजाचा दर तोच आहे असं ऐकतो.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. पगार सोडल्यावर माणूस मोकळा होतो, असं तरुणपणी मला वाटे. आता वाटतं, मिशनचा पगार असता तर सावकाराला बोलणं सोपं गेलं असतं आणि मिशनला बोलणं अवघड. बायकोने टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंय. या वादात ती कायम लक्ष्मीबाईंच्या बाजूने असते.

यंदा पंचकमिटीत कुणीतरी विषय काढलाय की अय्यगारूंना महिन्याची ठरावीक रक्कम द्यावी. अम्मगारूंना हवंय. मला रक्कम नको असं नाही, पण ती कोण ठरवणार, आणि कमी करायची वेळ आली तर कोण करणार, हे मला दिसतंय; कमिटीच्या पाच खुर्च्यांपैकी एकीवर ज्वारीवाला बसतो. त्यानेच हात वर करून सांगितलं की देऊ, चांगली रक्कम देऊ. मी म्हटलं, सगळ्यांनी थोडं थोडं दिलं तरच घेईन, एकट्याचं नको. खजिनदाराने वही मिटली. त्याचं म्हणणं, आत्ता कुणाकडेच रोख नाही. तूर निघाली की बसू.