पाकीट मिळाले, पण गोळी समजली का?

गणपती होऊन दीड-दोन महिने झाले की पाळी चुकल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या भगिनी वाढतात. "डॉक्टर, गोळ्या चालू असताना दिवस गेलेच कसे?" असे त्यांतली एखादी हमखास विचारते. अशाच एकीचा नवरा मुंबईला नोकरीस. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा घरी येणार. गोळ्या कशा घेतल्या, असे विचारल्यावर ती म्हणाली, "हे आले त्या दिवशी सुरू केल्या, गेले त्या दिवशी बंद. उगाच कशाला खायच्या?"

तिला मी दोष देत नाही. पाकीट देणाऱ्याने "रोज एक घ्या" यापलीकडे काही सांगितले नव्हते. डोके दुखले की घ्यायच्या गोळीसारखीच ही, असा तिचा समज झाला.

वास्तविक ही गोळी त्या रात्रीपुरती काम करीत नाही. तिच्यातील दोन संप्रेरकांमुळे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडणेच थांबते, आणि त्यासाठी ती रोज पोटात जावी लागते. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केली तर लगेच भरवसा धरता येतो; एरवी पहिले सात दिवस निरोध वापरावा. नवरा सणाला येणार असेल तर त्याआधीच्या पाळीतच सुरुवात करावी. वर्षातून दोनदाच येत असेल, तर निरोध किंवा तांबी अधिक सोयीची, असे माझे मत आहे.

सरकारी केंद्रात व आशाताईंकडे मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या गोळ्या गर्भनिरोधक, उरलेल्या ७ गडद रंगाच्या लोहाच्या. या सात दिवसांत पाळी येते. अठ्ठाविसावी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायचे, पाळी थांबण्याची वाट पाहायची नाही. हा खंड पडला की गोळी फसते. ('छाया' ही गोळी वेगळी. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यायची असते. दोन्हींची गल्लत करू नये.)

एक पांढरी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर आठवताच एक घेऊन रोजचा क्रम चालू ठेवावा, सात दिवस निरोध वापरावा आणि डॉक्टरांना विचारावे.

सुरुवातीला मळमळ होते, मधेच अंगावर थोडे जाते. सासूबाई म्हणतात, "उष्ण पडली, बंद कर." बहुतेकींचा हा त्रास दोन-तीन महिन्यांत कमी होतो, हे आधी सांगितले असते तर अर्ध्या वाटेत कितीजणींनी गोळी सोडली नसती! बिनचूक घेतल्यास वर्षभरात शंभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. प्रत्यक्षात सुमारे सातजणींना जातात.

मात्र रक्तदाब, काविळीचा आजार, दृष्टी अंधारून येणारी अर्धशिशी असेल, मूल सहा महिन्यांच्या आतले व अंगावर पिणारे असेल, किंवा पस्तिशी उलटून विडी-सिगारेट ओढत असाल, तर ही गोळी घेऊ नये. क्षयाची किंवा फिटची औषधे चालू असल्यास आधी सांगावे. त्यांतील काहींमुळे गोळीचा गुण उतरतो. पोटरी सुजून दुखणे, छातीत कळ, धाप, असह्य डोकेदुखी यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

१९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे आपल्याच मुरुडचे. त्यांच्या काळी साधने मिळणे कठीण होते. आज साधन फुकट मिळते, समजावून सांगायला मात्र दहा मिनिटे मिळत नाहीत. मी आता पाकीट देताना उलट विचारते, "उद्या गोळी विसरलात तर काय कराल, तुम्हीच सांगा." उत्तर अडले की पुन्हा पहिल्यापासून.

पहिले पाकीट संपण्याआधी एकदा येऊन जावे, आणि येताना ते बरोबर आणावे. किती गोळ्या उरल्यात हे पाहिले की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.