यीस्टच्या अलीकडची बीअर

भिवंडीत लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लावतात. विणताना फणीला घासून धागा तुटू नये, म्हणून त्यावर स्टार्चचा हा लेप. कापड विणून झालं की हीच खळ आड येते. ती राहिली तर रंग सारखा बसत नाही. मग प्रोसेस हाऊसमध्ये ते ग्रे कापड अमायलेज नावाच्या एन्झाइमच्या पाण्यातून काढतात. एन्झाइम स्टार्चचे बारीक तुकडे करतं आणि खळ धुऊन जाते. आज हे एन्झाइम जिवाणूंकडून मिळवतात. त्याआधी याच कामाला माल्टचा अर्क वापरत. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, आणि बीअरची सुरुवातही त्याच्यापासूनच होते.

घरी बीअर करण्याच्या छंदाविषयी बोलणं निघालं की लोक यीस्ट, हॉप्स आणि फेसाचं विचारतात. मला त्यातला सगळ्यात विलक्षण भाग धान्याचा वाटतो. शिवाय महाराष्ट्रात राहून, कायदा न मोडता, तेवढा भाग घरच्या गॅसवर करून पाहता येतो. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. स्वतःपुरतं, बाटलीभर केलं तरी. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला बीअर विकत घेऊन पिता येते, स्वतः करता येत नाही. पण यीस्ट पडेपर्यंत पातेल्यात मद्य नसतंच. असतो तो धान्याचा गोड काढा.

त्यासाठी सालासकट जव हवा. पूजेच्या सामानात मिळतो तो बहुधा चालतो. सोललेल्या, पॉलिश केलेल्या बार्लीला मोड येत नाहीत. जव रात्रभर भिजवून निथळा, ओल्या फडक्यात बांधा आणि रोज दोनदा धुवा. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीचं. चार-पाच दिवसांत सालीखालचा कोंब दाण्याच्या लांबीइतका होतो. तेव्हा तो मंद उन्हात खडखडीत वाळवा आणि हातावर चोळून मुळं काढून टाका. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घराला यात नवं काही नाही. मोड आलेल्या नाचणीची पेज नेहमीच्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते, तेही याच एन्झाइममुळे.

पुढचा तास मात्र डोळे उघडे ठेवून बघण्याचा आहे. पाव किलो माल्ट मिक्सरवर जाडसर भरडा आणि एक लिटर गरम पाण्यात असा मिसळा, की मिश्रण ६५ अंशांवर येईल. थर्मामीटर लागेलच. ७५च्या वर गेलात तर एन्झाइम झपाट्याने निकामी होतं. पातेलं झाकून गोधडीत गुंडाळा. सुरुवातीला चमचाभर पाणी बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका: काळंनिळं होईल, कारण त्यात स्टार्च आहे. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग तो हाच. तासाभराने पुन्हा तसाच थेंब टाका. रंग आता आयोडीनचाच, तांबूस राहतो. (बशीतलं पाणी फेकून द्या, ते पिऊ नका.) पातेल्यातलं मिश्रण सैल झालेलं असतं आणि जिभेला स्पष्ट गोड लागतं. त्यात कुणी साखर घातलेली नाही. १८३३ साली पायें आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी माल्टमधून हे काम करणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. वेगळं काढलेलं पहिलं एन्झाइम ते हेच.

यापुढे ब्रूअरीत काढा गाळून हॉप्सबरोबर तासभर उकळतात. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात होतात. त्यांनी कडवटपणा येतो आणि नको त्या जिवाणूंना आळा बसतो. काढा थंड करून यीस्ट घातलं की ते साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. एल जातीच्या बहुतेक यीस्टला त्यासाठी १८ ते २२ अंश लागतात. भिवंडीच्या पत्र्याखालच्या मे महिन्यात बीअरला सॉल्व्हंटसारखा उग्र वास येईल.

मनाईच्या बाजूने विषारी दारूचा दाखला दिला जातो. जून २०१५मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती दारूतल्या मिथेनॉलने. हे औद्योगिक मिथेनॉल दारूत मिसळलं जातं. धान्य आंबवून केलेल्या बीअरमध्ये ते नाममात्रच असतं. हातभट्टीत आंबवलेलं द्रव तापवून वाफ धरतात. बीअरमध्ये ही पायरीच नाही. घरी भट्टी लावायला कुणालाही परवानगी असू नये, पण या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणं मला चुकीचं वाटतं.

ब्रिटनने १९६३मध्ये घरच्या बीअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअर करमुक्त झाली: एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि तीही विकायची नाही. सिएरा नेवाडा ही तिथली नामवंत ब्रूअरी काढणारे केन ग्रॉसमन आधी घरी बीअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान चालवत. आपल्याकडे २००९मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि मायक्रोब्रूअरी ही गोष्ट महाराष्ट्रात रुजली. पण तिला भांडवल लागतं. शिकणाऱ्याला मोकळी जागा नाही. पिण्यासाठी वार्षिक परवाना मिळतो, तसाच करण्यासाठीही द्यावा. वर्षाला लिटरची मर्यादा घालावी आणि विक्रीला व भट्टीला पूर्ण बंदी ठेवावी.

तोवर यीस्टच्या अलीकडे थांबायचं. काढा गाळून लगेच उकळा, आटवून मधासारखा दाट पाक करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुधात चमचाभर घातला की माल्टचं पेय तयार. नुसता काढा ओट्यावर विसरलात, तर आपल्या हवेतलं यीस्ट एक-दोन दिवसांत त्याला आपणहून आंबवायला लागतं.