गोठलेली हत्तीची सोंड

नाव ऐकून हसू येतं, पण शस्त्रक्रिया मोठी आहे. हृदयातून निघणारी महाधमनी आधी वर चढते, काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. मेंदूला आणि हातांना रक्त नेणाऱ्या शाखा त्या वळणावरूनच फुटतात. ही नळी लांबवर फुगली किंवा तिचं अस्तर उसवलं, तर पूर्वी छाती दोनदा उघडावी लागे: एकदा समोरून, मग डाव्या कुशीतून.

१९८३ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचे सर्जन हान्स बोर्स्ट यांनी एक युक्ती मांडली. वळण बदलताना कापडी नळीचा एक तुकडा खालच्या धमनीत नुसता लोंबता सोडायचा आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्यालाच पुढची नळी शिवायची. हीच ती सोंड. पुढे या लोंबत्या टोकात स्टेंट आला, म्हणजे कापडाला तारेच्या जाळीचा आधार. दाबून आत सरकवलेली जाळी छत्रीसारखी उघडते आणि धमनीच्या भिंतीला चिकटून बसते. सोंड हलायची थांबली, म्हणून ‘गोठलेली’. वरची बाजू मात्र सर्जन सुईदोऱ्यानंच शिवतो.

त्यासाठी शरीर थंड करून खालच्या अंगाचं रक्ताभिसरण काही काळ थांबवतात. मेंदूला वेगळ्या नळीनं रक्त मिळत राहतं. खरी धास्ती मज्जारज्जूची. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शाखा झाकल्या गेल्या, तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून जाळी फार लांब घेण्याचा मोह आवरावा लागतो. उरलेल्या भागासाठी नंतर जांघेतून दुसरा स्टेंट सरकवता येतो. स्कॅन मात्र आयुष्यभर करत राहावे लागतात.