भाग १७ : बारा माणसं, एक पातेलं – घरच्या घरी केजन सीफूड बॉइल

मागच्या भागात आपण मोठ्या पातेल्यात खिचडी करताना तळ कसा लागू द्यायचा नाही ते पाहिलं. आजचंही काम मोठ्या पातेल्याचंच आहे, पण पदार्थ सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेतल्या लुइझियानाचा ‘केजन सीफूड बॉइल’. कोळंबी, खेकडे, बटाटे, मक्याची कणसं, सॉसेज, सगळं एकाच मसालेदार पाण्यात उकडायचं, टेबलावर थेट ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून हाताने खायचं. ताट नाही, चमचा नाही, वाढपी नाही. दहा-पंधरा माणसं जमवायची असतील तर यासारखा सोयीचा प्रकार नाही.

आधी हे केजन कोण ते थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या भागाला फ्रेंच लोक ‘अकेडी’ म्हणत. तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घराबाहेर काढलं. त्यातले काही भटकत भटकत लुइझियानाच्या दलदलीत येऊन स्थिरावले. ‘अकेडियन’चा बोलीभाषेत ‘केजन’ झाला. जुन्या गावचं काही बरोबर आणता आलं नव्हतं, म्हणून नव्या गावात जे मिळालं ते त्यांनी शिजवायला घेतलं. पाणथळीत क्रॉफिश म्हणून झिंग्यासारखा छोटा प्राणी मिळतो, तो त्यांचा मुख्य माल. आजही तिथे भाताचं पीक निघालं की त्याच खाचरांत पाणी भरून क्रॉफिश वाढवतात. आपल्या कोकणात भाताच्या शेतातले मुठे पकडतात, तसंच काहीसं.

याचा एक भाऊबंद साउथ कॅरोलायनात आहे, त्याला ‘फ्रॉगमोर स्टू’ म्हणतात. १९६० च्या दशकात नॅशनल गार्डच्या रिचर्ड गे नावाच्या माणसाने आपल्या सोबतच्या जवानांसाठी हाताशी असेल ते एका भांड्यात उकडलं आणि तो पदार्थ रूढ झाला, असं सांगतात. मला यात नवल वाटत नाही. लंगरमध्ये काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं की माणसं जास्त आणि भांडी कमी असली की असंच काहीतरी सुचतं. आणि आपल्याकडे रायगडात थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात, तिचा आनंदही हाच. पदार्थ निमित्त, माणसं जमणं खरं.

पहिलं काम : पाहुण्यांची यादी

मसाल्याच्या आधी मी यादीचं बोलतो, कारण या जेवणातला खरा धोका तिखटाचा नाही, ॲलर्जीचा आहे. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी मोठ्या वयातही नव्याने सुरू होऊ शकते. ती ज्या प्रथिनामुळे होते ते उकळल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे “चांगलं शिजवलंय, काही होत नाही” हा युक्तिवाद चालत नाही. “मी फक्त बटाटा खाते” हेही चालत नाही, कारण तो बटाटा त्याच पाण्यात शिजलेला असतो. काहींना तर वाफेनेही त्रास होतो.

तेव्हा आमंत्रण देतानाच प्रत्येकाला फोनवर सरळ विचारा : कोळंबी, खेकडा, मासे यातलं काही सोसत नाही का? घरातल्या मुलांचं काय? डुकराचं मांस चालतं का? शाकाहारी किती? एका कागदावर उत्तरं लिहून ठेवा. मागे एका स्नेहमेळाव्यात हे विचारल्यामुळेच कळलं की आमच्या एका सहकाऱ्याच्या सुनेला कोळंबीने ओठ सुजतात. ती संकोचाने बोलली नसती, गुपचूप दोन बटाटे खाल्ले असते. विचारल्यावर तिचं पातेलं वेगळं झालं आणि तीही सगळ्यांसारखीच पोटभर जेवली.

ज्यांना सोसत नाही आणि जे शाकाहारी आहेत, त्यांचं पातेलं वेगळं. ते आधी शिजवायचं, झाऱ्या वेगळा, पान वेगळं, टेबल थोडं दूर आणि वारा मोठ्या पातेल्याकडून तिकडे येणार नाही असं. त्यात बटाटे, मका, रताळी, अळंबी, अख्खा लसूण घाला, मसाला तोच. चव कमी होत नाही. तरीही जेवताना कुणाचे ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून जवळचं रुग्णालय गाठा. अशा वेळी खरा उपाय ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतो, गोळी नव्हे.

बाजार

बेंगळुरूला समुद्र नाही. इथला मासा मंगळुरू-मलपेकडून घाट चढून किंवा चेन्नईच्या बाजूने बर्फात येतो. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटला सकाळी लवकर गेलात तर निवड मिळते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत समुद्रातल्या मालाचा आग्रह धरू नका. तेव्हा तळ्यातली, मुख्यतः आंध्रातून येणारी कोळंबी मिळते, तीही चालते. पण हे जेवण उघड्यावरचं आहे, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

कोळंबी ‘काउंट’वर विकतात, म्हणजे एका किलोत किती नग. आपल्याला ३० ते ४० काउंटची, डोक्यासकट, सालासकट हवी. सालामुळे मांस कोरडं पडत नाही. डोकं काळं पडलेलं, अंग मऊ, अमोनियासारखा उग्र वास, असा माल परत करा. खेकडे जिवंतच घ्यायचे, मेलेला खेकडा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. घरी आणल्यावर अर्धा तास बर्फात ठेवले की ते बधिर होतात, मग साफ करून दोन तुकडे करा.

बारा माणसांचं प्रमाण लिहून घ्या :

- कोळंबी ३ किलो, खेकडे ३ किलो
- लहान बटाटे २ किलो, सालासकट
- मक्याची ६ कणसं, प्रत्येकाचे ३ तुकडे
- तयार, धुरावलेली चिकन सॉसेज १ किलो
- कांदे ६, अख्खे लसणाचे गड्डे ५, लिंबं ८
- पाणी १२ लिटर, मीठ पाव किलो
- बर्फ १ किलो

मिठाचा आकडा ऐकून दचकू नका. ते बहुतेक पाण्यातच राहतं. तरी रक्तदाबवाल्या मंडळींनी वरून मीठ-मसाला भुरभुरू नये. गोव्याचं चोरिस वापरायचं असेल तर ते कच्चं असतं आणि चरबी भरपूर सोडतं, म्हणून वेगळ्या कढईत पूर्ण शिजवून शेवटी वाढा.

मसाला

परदेशी पाकिटावाचून अडत नाही. तिकडे कायेन मिरची तिखटासाठी आणि पॅप्रिका रंगासाठी वापरतात. आपल्याकडे तिखटाला गुंटूर किंवा संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. हावेरी जिल्ह्यातली ही ब्याडगी बेंगळुरूत कुठेही मिळते. बारा लिटर पाण्याला ब्याडगीची पूड १०० ग्रॅम, गुंटूरची ४० ग्रॅम. शिवाय मोहरी ४ चमचे, धणे ४ चमचे, शेपूचं बी २ चमचे, मिरी २ चमचे, लवंगा १५ आणि तमालपत्रं १०. तिकडचं बे लीफ आणि आपलं तमालपत्र ही वेगवेगळी झाडं आहेत, आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो. पण मला इथे तेच आवडतं. मालवणी हात असेल तर आठ-दहा तिरफळं ठेचून, बी काढून टाका. समुद्री मालाशी त्यांचं जमतं हे सांगायला केजन माणूस लागत नाही. अख्खे मसाले मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून सोडा, म्हणजे दातांखाली येत नाहीत.

भांडं आणि आग

सगळा माल आणि पाणी मिळून २३ लिटरच्या आसपास जागा घेतं. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, म्हणून ३५ लिटरचं पातेलं घ्या. आत बसणारी भोकांची जाळी किंवा टोपली असेल तर सोन्याहून पिवळं. केटरिंगचं सामान भाड्याने देणाऱ्याकडे दोन्ही मिळतं.

शेगडी मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर. बाल्कनीत नाही, बंद गॅरेजमध्ये नाही. अपार्टमेंट असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्या. सिलिंडर उभा आणि नळीच्या लांबीइतका दूर. शेगडीभोवती तीन पावलांचं वर्तुळ आखा, त्यात मुलं आणि कुत्री येणार नाहीत. आगीवर एकच माणूस जबाबदार असेल आणि तो काम संपेपर्यंत पेल्याला हात लावणार नाही. उकळतं पातेलं उचलायचं नाही. दोघांनी जाड हातमोजे घालून फक्त टोपली उचलायची. टोपली नसेल तर झाऱ्याने माल काढा.

वेळापत्रक

फौजेत आम्ही मोहिमेची वेळ ठरवून तिथून उलटं मोजत येतो. इथेही तसंच. जेवण दीड वाजता, असं धरू.

१२.०० – पाणी, मीठ, मसाले, कांदे, लसूण आणि चार लिंबांचा रस घालून शेगडी पेटवा, झाकण ठेवा. साध्या शेगडीवर बारा लिटर उकळायला पाऊण तास धरा.

१२.४५ – बटाटे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंच, इथे पाणी सुमारे ९७ अंशांवर उकळतं. त्यामुळे पुस्तकातल्या वेळेत एखाद-दोन मिनिटं वाढवा. लेहला ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे प्रेशर कुकरशिवाय राजमा शिजत नाही. तत्त्व तेच.

१२.५७ – खेकडे आणि सॉसेज. पुन्हा उकळी आली की दहा मिनिटं. बटाट्यात सुरी सहज गेली पाहिजे.

१.१० – कोळंबी. थंड कोळंबी पडली की पाण्याचं तापमान दहाएक अंशांनी उतरतं, घाबरू नका. दोन-तीन मिनिटांत ती गुलाबी होते आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळते. पूर्ण गोल वेटोळं झालं तर जास्त शिजली.

१.१३ – शेगडी बंद. आता मका आणि बर्फ.

इथे थांबून कारण समजून घ्या, कारण सगळी चव या पंधरा मिनिटांत ठरते. कोळंबी शिजायला तीन मिनिटं लागतात, पण मीठ-मसाला सालातून आत मुरायला त्याहून जास्त वेळ लागतो. उकळत ठेवली तर मसाला मुरेपर्यंत ती रबर होते. म्हणून आग बंद करून पाणी मुद्दाम निववायचं आणि माल त्यात भिजू द्यायचा. लुइझियानात यासाठी गोठवलेला मका टाकतात. मका गरम होतो, पाणी निवतं, दोन्ही कामं एकदम. आपण आदल्या संध्याकाळी कणसं पाच मिनिटं उकडून फ्रीझरमध्ये ठेवायची, ती ही. दर पाच मिनिटांनी एक कोळंबी काढून चाखा. चव बसली की काढा.

१.२८ – टोपली वर, पाणी निथळू द्या, माल टेबलावर.

टेबल

तिकडे टेबलावर वर्तमानपत्रं पसरतात. ते आपण करायचं नाही. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात ठेवू नये असं एफएसएसएआयने वेळोवेळी बजावलं आहे. आपल्याकडे केळीचं पान असताना कागद हवा कशाला? जयनगर असो वा मल्लेश्वरम, पानं सगळीकडे मिळतात. दोन थर पसरा, गरम माल पडला की पानाचा वासही लागतो. मधे वाट्यांमध्ये २०० ग्रॅम लोण्यात परतलेला लसूण, उरलेल्या लिंबांच्या फोडी, बाजूला सोलकढी. पाव लागतोच. सालांसाठी दोन मोठी पातेली आणि हात धुवायला कोमट पाणी.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मसाल्याचं पाणी थंड झाल्यावरच मोरीत ओता, झाडांना घालू नका, मीठ त्यांना मारतं. कोळंबीच्या डोक्यांचं दुसऱ्या दिवशी सार करा.

एक गंमत सांगतो. या जेवणात हुद्दा राहत नाही. कोपरापर्यंत रस ओघळत असताना माणूस मोठेपणा मिरवू शकत नाही, आणि दोन्ही हात भरलेले असल्यामुळे मोबाईलही उचलत नाही. निवृत्तीनंतर माणसं भेटायची निमित्तं कमी होत जातात. हे एक चांगलं निमित्त आहे. फक्त यादी नीट करा, आग सांभाळा आणि घड्याळ पाहा.

पुढच्या भागात बाजरीची खापरावरची भाकरी. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.