हिशोबाची फाईल एक, कॉम्प्युटर दोन

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पोरांचं काम, आपल्याला काय करायचं? पण ज्या गटाचा हिशोब वहीतून कॉम्प्युटरमध्ये गेला आहे, त्या गटातल्या प्रत्येकीचं हे काम आहे. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर दोन्हींवर एकच फाईल कशी वापरायची आणि ती उघडेनाशी झाली तर काय तपासायचं, हे आज सांगते. त्याआधी माझीच एक चूक सांगते.

आमच्या गटाचा हिशोब माझ्या घरी होतो. पुढच्या खोलीत जुना कॉम्प्युटर आहे. मुलीनं एमएस-सीआयटी केलं तेव्हा घेतलेला. गटाची सचिव दुपारी येऊन त्यावर नोंदी करते. माझ्याकडे लॅपटॉप आहे, तो मी बैठकीला नेते. इकडची फाईल तिकडे न्यायला आमचा एकच पेनड्राइव्ह. कधी फाईल आणायची आठवण राहायची, कधी नाही.

दिवाळीनंतरच्या बैठकीत मी लॅपटॉप उघडून थकबाकी वाचली. एका बाईचे दोन हप्ते बाकी दिसत होते. मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, म्या त दोनी हप्ते भरले. सोयाबीन इकलं त्याच दिवशी तुमच्या घरी आणून देले." तिनं पिशवीतून पासबुक काढलं. त्यावर आमच्या सचिवाची सही होती. खरा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर होता. मी वाचत होते ती तीन आठवड्यांपूर्वीची जुनी फाईल.

मी तिथंच तिची माफी मागितली आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. पण चारचौघींत थकबाकीदार म्हणून नाव निघालं, ते ऐकलेलं कोणी विसरतं का? तिच्याकडे पासबुक नसतं तर तिचं कोण ऐकलं असतं? त्या दिवशी ठरवलं की फाईल एकाच जागी राहील आणि दोन्ही कॉम्प्युटर तीच उघडतील.

आधी समजून घेऊ

घरात वायफायचा राउटर असतो, तो छोटा डबा. सगळे मोबाईल आणि कॉम्प्युटर त्याला जोडलेले असतात. बऱ्याच जणींना वाटतं की राउटर म्हणजे इंटरनेट. तसं नाही. गावातल्या गल्ल्या वेगळ्या आणि तालुक्याला जाणारा डांबरी रस्ता वेगळा. रस्ता बंद पडला तरी गल्लीतून शेजारणीकडे जाता येतंच. तसंच, पावसात इंटरनेट गेलं तरी राउटरला वीज असेल तर घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकतात. आपल्या कामाला इंटरनेटचा पैसाही लागत नाही.

एका कॉम्प्युटरवर फोल्डर ठेवायचं आणि दुसऱ्याला ते उघडायची परवानगी द्यायची, याला फाईल शेअरिंग म्हणतात. फाईल जागची हलत नाही.

जोडणी कशी करायची

हे विंडोज १० आणि ११ साठी सांगते. एक-दोन ठिकाणी शब्द वेगळे दिसतील, पण वाट तीच आहे. पहिली पाच कामं ज्या कॉम्प्युटरवर हिशोब आहे त्यावर करायची.

पहिलं काम, नाव. सेटिंगमध्ये सिस्टीम आणि तिथं सगळ्यात खाली अबाउट उघडा. तिथं कॉम्प्युटरचं नाव दिसतं. लांबलचक असेल तर बदलून सोपं इंग्रजी नाव द्या आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. नाव वहीत लिहून ठेवा.

दुसरं काम, घरचं नेटवर्क घरचं आहे हे विंडोजला सांगायचं. नव्या वायफायला जोडलं की ते बहुतेक वेळा 'पब्लिक' धरतं, म्हणजे बसस्टँडवर बसल्यासारखं. मग ते कोणालाच काही दाखवत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' निवडा. हे लॅपटॉपवरही करा. फक्त घरच्या वायफायला प्रायव्हेट करायचं. बाहेरच्या वायफायला पब्लिकच राहू द्या.

तिसरं काम, अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज उघडा. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही चालू करा. खाली पासवर्डचं संरक्षण असं एक बटण असतं, ते चालूच ठेवा. काही जण सोपं पडावं म्हणून ते बंद करायला सांगतात. त्यांचं ऐकू नका.

चौथं काम, गटासाठी वेगळं खातं काढा. सेटिंगमध्ये अकाउंट्समध्ये 'अदर यूजर्स' आहे, तिथून नवीन माणूस जोडता येतो. विंडोज आधी ईमेल मागतं. ईमेल नाही आणि मायक्रोसॉफ्टचं खातं नको, अशा अर्थाच्या ओळी खाली असतात, त्या निवडत जा. खात्याला नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा सोडला तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत घेत नाही.

पाचवं काम, फोल्डर. सी ड्राइव्ह सोडून दुसरीकडे, म्हणजे डी ड्राइव्ह असेल तर तिथं, गटाचं एक फोल्डर करा. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज, मग शेअरिंग, मग शेअर निवडा. यादीतून आत्ता काढलेलं खातं घ्या. समोर दोन पर्याय येतात. 'रीड' म्हणजे फक्त बघायचं. 'रीड-राइट' म्हणजे बघायचं आणि बदलायचं.

इथं जरा थांबून विचार करा. गटाच्या पेटीला कुलूप असतं, पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे असते. एकीच्याच हातात सगळं नको म्हणून आपण ती रीत पाळतो. फाईललाही तीच रीत लावा. बघू सगळ्या शकतात, लिहील ती ठरलेली एकच. आमच्याकडे सचिव लिहिते. माझ्या लॅपटॉपला फक्त रीड दिलं आहे. मी समन्वयक असले तरी.

सहावं काम लॅपटॉपवर. कोणतंही फोल्डर उघडा आणि वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा टाइप करा, अशा: \\. बहुतेक कीबोर्डवर हे बटण एंटरच्या वर असतं. त्याला लागूनच कॉम्प्युटरचं नाव लिहून एंटर दाबा. खात्याचं नाव आणि पासवर्ड विचारेल, तो द्या. फोल्डर दिसलं की त्यावर उजवं बटण दाबून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करा. मग रोज ते सी, डी ड्राइव्हसारखंच समोर दिसेल.

घरातून निघताना मात्र हे फोल्डर मागे राहतं. म्हणून बैठकीला मी त्याच दिवशीची छापील यादी नेते. वर तारीख असते.

उघडत नसेल तर

दुखणं आलं की आपण आधी साधं कारण बघतो, मग दवाखाना. इथंही याच क्रमानं जा.

हिशोबाचा कॉम्प्युटर चालू आहे का? तो बंद असेल किंवा झोपला असेल तर फोल्डर दिसणार नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये झोपायची वेळ 'नेव्हर' करा. पडदा काळा झाला तर चालतो.

दोन्ही एकाच वायफायवर आहेत का? आमच्याकडे दोनदा असं झालं की लॅपटॉपनं मुलीच्या मोबाईलचा हॉटस्पॉट पकडला होता. काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं, त्यावरूनही आतले कॉम्प्युटर दिसत नाहीत.

नेटवर्क पुन्हा पब्लिक तर झालं नाही ना? राउटर बदलला किंवा वायफायचं नाव बदललं की असं होतं.

नावानं सापडत नसेल तर पत्त्यानं बघा. हिशोबाच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' असं इंग्रजीत लिहा. 'आयपीव्ही४' समोर १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा बहुतेक घरांत दिसतो. लॅपटॉपवर दोन तिरप्या रेघांपुढे नावाऐवजी हा आकडा इंग्रजी अंकांत टाका. उघडलं, म्हणजे रस्ता ठीक आहे, अडचण फक्त नावाची आहे. पण हा आकडा कायमचा धरू नका. लाईट जाऊन आली की राउटर नवा आकडा देऊ शकतो.

पासवर्ड घेत नाही? कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो, तो इथं चालत नाही. खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो.

फाईल 'लॉक' आहे असं सांगते? म्हणजे दुसरी कोणी ती उघडून बसली आहे. घाबरू नका, हे आपल्या भल्याचं आहे, दोघींनी एकाच वेळी लिहून गोंधळ होत नाही. फक्त बघायला उघडा किंवा तिचं होईपर्यंत थांबा. 'सेव्ह अॅज' करून दुसऱ्या नावानं ठेवू नका आणि फाईल ओढून लॅपटॉपवर आणू नका. तसं केलंत की पुन्हा दोन फाईली झाल्या आणि पुन्हा एखादीचं नाव थकबाकीत निघालं.

जुन्या माहितीत 'होमग्रुप' करा असं सांगितलेलं असतं. ती सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढली, शोधत बसू नका. जुना कॉम्प्युटर जोडायला कोणी 'एसएमबी १' चालू करायला सांगेल, तेही करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या खिंडारातून जगभर पसरला. लोकांच्या फाईलींना कुलूप लावून तो पैसे मागत होता. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. म्हणून विंडोजचं अपडेट टाळू नका आणि फायरवॉल पूर्ण बंद करू नका.

काय ठेवायचं नाही

बायांची आधारकार्डं आणि बँक पासबुकांचे फोटो या फोल्डरमध्ये ठेवू नका. ते वेगळ्या, शेअर न केलेल्या जागी राहू द्या. 'एव्हरीवन' हे नाव यादीत निवडू नका. शेजारच्या पोरांना वायफायचा पासवर्ड दिला असेल तर तीही तुमच्या गल्लीत आली असं समजा. पासवर्ड बदला.

आणि शेअर केलं म्हणजे जपलं असं नाही. फाईल एकच आहे. वीज पडून तो कॉम्प्युटर जळाला तर हिशोबही गेला. म्हणून दर बैठकीनंतर तारीख घालून एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो गटाच्या पेटीत ठेवा. ती प्रत जपण्यासाठी आहे, तिच्यावर काम करायचं नाही. आणि पासबुक? ते बाईच्या हातात राहिलंच पाहिजे. माझ्या बैठकीत खरं तेच ठरलं होतं.

पुढच्या बैठकीत तुमच्या सचिवाला तीन गोष्टी विचारा. आपली फाईल किती ठिकाणी आहे? ती कोण बदलू शकतं? शेवटची प्रत कधी घेतली? हे विचारायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

त्या दिवशी जिचं नाव मी घेतलं, ती आता हप्ता द्यायला आली की सचिवाजवळ खुर्ची ओढून बसते. आपली नोंद पडद्यावर उमटलेली बघते आणि मगच पासबुक पिशवीत टाकते. तुम्हीही तसंच करा. हिशोब आपला आहे, बघायचा हक्कही आपला आहे.