राणीछाप, अलिबागी आणि चार आणे

धरमतरची खाडी ओलांडली की एके काळी रुपयाही बदलायचा. १८१८ नंतर पेणच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार होतं, तर पलीकडे अलिबागला १८४० पर्यंत आंग्र्यांचं राज्य. आंग्र्यांच्या चांदीच्या नाण्याला लोक अलिबागी रुपया म्हणत. रोह्याच्या पलीकडे जंजिऱ्याचे सिद्दी, त्यांचा कारभार वेगळा. तांब्याची शिवराई मात्र मराठ्यांचं राज्य बुडाल्यावरही बाजारात फिरत राहिली. इतक्या छापांच्या गर्दीत नाणं पारखायचं आणि बट्टा कापून घ्यायचा, हा सराफांचा धंदाच होता. १८३५ च्या कायद्याने कंपनीने आपल्या सगळ्या मुलखाला १८० ग्रेनचा एकच रुपया लावला. या कलदार रुपयापुढे जुनी नाणी मागे पडली आणि त्यांतली पुष्कळशी मुशीत गेली. जी वाचली, त्यांना आज संग्राहक शोधतात.

म्हणजे नाणं बाद झालं म्हणून त्याला भाव येत नाही. त्याचे भाऊबंद वितळले, म्हणून येतो. हा फरक न कळल्यानेच घरोघरी चार आण्यांच्या पिशव्या जपून ठेवल्या आहेत. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पण ती टाकसाळींनी अफाट संख्येने पाडली होती, आणि ‘उद्या किंमत येईल’ म्हणून ज्याने त्याने ठेवून दिली. जे सगळ्यांकडे आहे ते कोण विकत घेणार? वैष्णोदेवीची छाप असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, या मोबाइलवरच्या आवया तर निव्वळ फसवणुकीच्या. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत आपल्या नावाने शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं.

व्हिक्टोरियाच्या राणीछाप आणि नंतरच्या राजाछाप रुपयांची गोष्ट जरा वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारला चांदी हवी होती. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४१ ते १९४३ या तीन वर्षांत आधी व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे, शेवटी पंचम आणि सहाव्या जॉर्जचे जुने रुपये बाद केले. लोकांनी ते सगळे काही परत दिले नाहीत. ११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, ती कोण सोडतो! त्यामुळे सर्वसाधारण राणीछाप किंवा राजाछाप आजही मुख्यतः चांदीच्याच भावाने जातो. अपवाद थोडे, पण मजेदार. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, तेव्हा तो मागे घेऊन बहुतेक वितळवला. १९३९ सालचे फारच थोडे बाहेर आले. १८६२ चा रुपया तर त्याच सालाने १८७४ पर्यंत पाडला जात होता, आणि मुंबईच्या टाकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके दिले. घरात १८६२ चा रुपया असेल तर भिंग घेऊन ते ठिपके मोजा.

पण भिंग घेण्याआधी हात आवरा. लक्ष्मीपूजनासाठी चिंच-रांगोळीने नाणी लख्ख घासायची आपली रीत आहे. घासलेल्या नाण्याला पूजेत शोभा येते, बाजारात मात्र भाव पडतो, कारण छापेचे बारीक तपशील आणि वर्षानुवर्षांचा रंग दोन्ही निघून जातात. माळेसाठी कडी डाकलेल्या रुपयाचंही तेच. खाडीकाठी आणखी एक शत्रू आहे. मिठागरांच्या आणि खाजणाच्या खारट मातीत पुरलेल्या तांब्याला क्षार लागतो, आणि ते नाणं बाहेर काढल्यावरही हिरवं होऊन आतून पोखरलं जात राहतं. असं नाणं कोरडं ठेवावं, बाकी जाणकारावर सोडावं.

बनावटीचा बाजारही मोठा आहे. रामदरबार किंवा हनुमानाची छाप, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल, असं ‘अर्धा आणा’ म्हणून विकलं जाणारं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. पेशवाई बुडाल्याचं साल पाहून आपल्याकडे ते सहज खपत असावं.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती वजनावर भंगारात जाणाऱ्या शिवराई नाण्यांची. शिवराई कुठल्या गावच्या शेतात, किती खोल, कशासोबत सापडली, ही माहिती नाण्याहून मोलाची असते. पेण-रोह्याच्या टापूत कुणाची सत्ता कुठवर आणि कुणाचा व्यापार कुठपर्यंत, हे अशा नोंदींवरूनच कळतं. तेव्हा नांगराला किंवा पायाच्या खणतीत नाणी लागली तर घासू नका, वाटून घेऊ नका. जागेचा फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर तसं कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे.