ढब्बू, टिकली आणि ‘उद्या येतो’वाले दादा

भाड्याचा वन बीएचके, दोन मांजरं आणि कधीच न संपणारी रिपेअरिंगची कामं... शहरातल्या कितीतरी घरांत सध्या हाच संसार सुरू आहे. तुमच्याही?

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, असं आज्या सांगायच्या. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या आपल्या पिढीला यात नवल वाटायचं काही कारणच नाही. आधी कोथरूड, मग वारजे, मग बाणेर, मग ऑफिस हिंजवडीला हललं म्हणून वाकड... सात घरं आपलीही होतातच! फरक एवढाच, की मांजर नव्या घरात गेल्या गेल्या कोपरा न् कोपरा हुंगून बघतं, आणि आपण ब्रोकरने दाखवलेल्या बाल्कनीच्या व्ह्यूवर खूश होऊन टोकन देऊन मोकळे होतो.

खरं घर दिसतं ते सामान लावून झाल्यावर. फ्लश एकदा दाबला की रात्रभर गात राहतो. स्लायडिंगची खिडकी शेवटची चार बोटं सरकत नाही. बेडरूमची कडी लागते, पण दार जरा उचलून धरलं तरच. एकटे राहत असाल तर यातलं काहीच अडत नाही. कुठे बादली लावायची, कुठे दाराखाली पेपरची घडी सरकवायची, की झालं. ‘चालतंय की’ हा भाड्याच्या घराचा मूलमंत्र आहे. पण घरात मांजर आलं, की हा मंत्र फेल जातो. कारण जी फट आपल्याला सहा महिने दिसलेली नसते, ती त्याला पहिल्याच दिवशी सापडते.

माझ्याकडे दोन आहेत. ढब्बू हा नावाप्रमाणेच बोका, आणि टिकली ही कपाळावर काळा ठिपका असलेली, वजनाने निम्मी आणि डोक्याने दुप्पट. मांजराची कॉलरबोन माणसासारखी दोन्ही बाजूंनी पक्की जोडलेली नसते, ती स्नायूंत नुसती अडकवलेली असते. त्यामुळे जिथे डोकं शिरतं, तिथे बहुतेक वेळा अख्खं मांजर शिरतं. किचन ट्रॉलीच्या मागे, वॉशिंग मशिनच्या ड्रममध्ये, बेडच्या बॉक्समध्ये. (मशिन लावण्याआधी ड्रममध्ये हात घालून बघायची सवय करा. हे मी गमतीत सांगत नाहीये.)

ताई, चावत नाही ना?

आता या घरात प्लंबर येणार, म्हणजे काय होतं बघा. आधी तर तो येणं. ‘ताई, वाटेतच आहे’ याचा अर्थ दादा अजून घरातून निघालेले नाहीत. ‘दुपारपर्यंत येतो’ म्हणजे उद्या. आणि ‘उद्या शंभर टक्के’ म्हणजे पुढच्या आठवड्यात आपणच फोन करायचा. आमच्या ऑफिसात जाणाऱ्या जनतेची पंचाईत अशी, की दादांना वेळ मिळतो तो बरोबर आपला क्लायंट कॉल चालू असताना. वर्क फ्रॉम होमने एवढं एक बरं केलं, की दार उघडायला घरात कोणीतरी असतं.

दादा आले, की पहिला प्रश्न, ‘ताई, चावत नाही ना?’ पाना आणि छिन्नी घेऊन आलेला धिप्पाड माणूस साडेतीन किलोच्या टिकलीला बघून दारातच थबकतो. तोवर ढब्बू कपाटावर गायब झालेला असतो आणि टिकली पिशवीत तोंड घालून तपासणी करत असते. तिला सगळ्यात प्रिय आहे ती पांढरी टेफ्लॉन टेप. दिसायला मजेशीर, पण इथे लक्ष हवं. दोरा, फीत, टेप असलं लांबट काही मांजराने गिळलं तर ते आतड्यात अडकतं आणि थेट ऑपरेशनवर वेळ येऊ शकते. आणि दार! दादा स्टॉपकॉक बंद करायला चार वेळा बाहेर जाणार आणि चारही वेळा दार सताड उघडं ठेवणार. त्यामुळे माझा नियम साधा आहे. बेल वाजली, की दोघांना बेडरूममध्ये घालायचं, पाणी आणि मातीचा ट्रे आत द्यायचा, कडी लावायची. (हो, दार उचलून धरून.)

डक्टमधले एकोणीस तास

सगळ्यात कठीण असतं ते घरमालकाशी बोलणं. आम्ही तीन फ्लॅटमेट्स होतो तेव्हा ‘काकांना फोन कोण करणार?’ हा प्रश्न मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याइतकाच अवघड असायचा. आता एकटीच असल्यामुळे घंटाही मीच आणि फोनही मीच.

मागच्या घरात बाथरूमच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, आणि त्यातल्या दोन गायब. खिडकीपलीकडे डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात ती अंधारी उभी पोकळी. राहायला गेल्याच्या आठवड्यातच मी काकांना फोटो पाठवला. ‘हो हो, पाठवतो माणूस.’ मग गणपती झाल्यावर. मग दिवाळीनंतर. मग ‘अगं, तिथून कोण चोर येणारे, तिसरा मजला आहे’. चोर येणार नाही, मांजर जाईल, असं मी म्हटलं त्यावर ते मनापासून हसले. मी पुठ्ठा आणि पॅकिंग टेप लावून जागा बंद केली. उन्हाळाभर ते टिकलं. जुलैच्या ओलीने टेप सुटली आणि एका रात्री पलीकडे कबुतर फडफडलं.

सकाळी ढब्बू घरात नव्हता. कपाटावर नाही, बेडमध्ये नाही, ट्रॉलीमागे नाही. नऊच्या सुमाराला बाथरूममधून अगदी बारीक आवाज आला, तो भिंतीच्या आतून यावा तसा. टॉर्च मारल्यावर दीड मजला खाली, पाइपांच्या बेचक्यात दोन डोळे चमकले. वॉचमनकाकांकडे डक्टच्या खालच्या दाराची किल्ली नव्हती. चेअरमन गावाला. घरमालक काकांचा फोन लागेना. मी ज्या प्लंबरदादांच्या नावाने तीन आठवडे बोटं मोडत होते, त्यांनाच शेवटी फोन केला. आणि काय आश्चर्य, पंचवीस मिनिटांत ते हजर! दुपारी किल्ली सापडली, पण दार गंजून बसलेलं. ते उघडायला संध्याकाळ झाली. मग दादा कमरेला दोरी बांधून, पाइपवर पाय देत वर चढले आणि ढब्बूला गोणपाटात घालून खाली घेऊन आले. हाताला ओरखडे, अंगभर कोळिष्टकं, आणि तोंडाने सतत ‘ये बाळा, ये, घाबरू नको’. पहिल्या भेटीत ‘चावत नाही ना’ विचारणारा हाच माणूस!

व्हेटने तपासून सांगितलं, टाळूला चीर आणि मागच्या पायाला फ्रॅक्चर. पुढचे पाच आठवडे ढब्बू पातळ खाण्यावर. बिल पाच आकडी. खिडकीच्या दोन काचेच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी मीच बसवून घेतल्या. मजुरीसकट दोनशे चाळीस रुपये.

‘मांजर काय, चार पायांवरच पडतं!’ हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी बसून वाचून काढलं. मांजर हवेतल्या हवेत वळतं हे खरंच आहे. फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराचे एकामागून एक फोटो काढून ते दाखवून दिलं होतं. पण वळता येणं वेगळं आणि न लागणं वेगळं. उंचावरून पडलेल्या मांजरांना छाती, जबडा, टाळू आणि पाय अशा ठरलेल्या जागी मार बसतो. डॉक्टरांनी त्याला ‘हाय-राइज सिंड्रोम’ असं नावच देऊन टाकलंय. न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिटलमध्ये आणलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. हा आकडा लोक अगदी कौतुकाने सांगतात. पण जी जागेवरच गेली, त्यांना कोण कशाला हॉस्पिटलमध्ये घेऊन येईल? ती या हिशेबात नाहीतच.

तेव्हा जाळी. वेल्क्रोने चिकटवायची मच्छरांची जाळी मच्छरांसाठीच ठीक आहे. मांजराने अंग टाकलं की ती निघते, आणि फायबरची असेल तर नखांनी फाटते. फ्रेममध्ये घट्ट बसवलेली स्टीलची जाळी सगळ्यात भरवशाची. कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती नायलॉनची जाळीही चालते, मात्र हुक नीट पक्के हवेत आणि कुठे धागा कुरतडलाय का, हे महिन्यातून एकदा बघायला हवं. नुसत्या ग्रिलचा उपयोग शून्य. कॉलरबोनचं वर सांगितलंच. आणि ड्राय बाल्कनी, बाथरूमची खिडकी, एक्झॉस्ट फॅनसाठी ठेवलेलं भोक, या तीन जागा कोणीच बघत नाही. जाळीवाले काकासुद्धा.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय?

पैसे कोणी द्यायचे? इथे घोडं अडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, पण ती भाडेकरूच्या बाबतीत. आपण बहुतेक जण लीव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘लायसन्सी’. त्यामुळे आपल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये जे छापलंय तेच खरं. सही करण्याआधी ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणजे नेमकं काय ते वाचा, जाळी आधी लावून मागा आणि मांजर आहे हे लिहून घ्या. लपवाछपवी करून पुढे डिपॉझिट कापलं गेलेले दोन मित्र माझ्या ओळखीत आहेत. सोसायटीचं म्हणाल, तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५च्या सूचनांनुसार नुसत्या बहुमताच्या ठरावाने पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्या लिहिल्यात मुख्यतः कुत्र्यांना धरून, पण मीटिंगमध्ये प्रिंटआउट हातात असलेली बरी. पुणे महापालिकेने तर २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी करायची असं ठरवलं. तेव्हा पुणेकरांनी त्यावर काय काय विनोद केले, ते सांगायला नकोच.

डिपॉझिटचा खरा शत्रू नखं. मांजर सोफा ओरबाडतं ते खोडी म्हणून नाही. पंजात गंधग्रंथी असतात, त्यामुळे ओरबाडणं म्हणजे ‘ही जागा माझी’ अशी सही. सही करायला दुसरा कागद द्या. जुन्या स्टुलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळून ते सोफ्याशेजारीच ठेवा. दुकानातल्या हजार रुपयांच्या खांबाकडे आमच्या दोघांनी ढुंकूनही बघितलं नाही. स्टूल मात्र हिट!

आणि प्लीज, ट्रेमधली माती कमोडमध्ये टाकू नका. गोळा होणारी ती माती बेंटोनाइटची असते, पाणी प्यायली की फुगते. माझ्या एका मैत्रिणीने पंधरा दिवस हा उद्योग केला. शेवटी कमोड उखडावा लागला. त्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जे ऐकवलं, ते इथे छापता येणार नाही.

ड्रिलच्या दिवसाचं वेगळंच. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६०च्याही वरचा. आपल्याला जे डोकेदुखी वाटतं, ते त्यांना काय वाटत असेल! शेजारी महिनाभर टाइल्स फोडत असतील, तर घरातल्या बोक्याकडे लक्ष ठेवा. ताणाने काही बोक्यांचा मूत्रमार्ग सुजतो, आणि लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि होत काहीच नाही, असं दिसलं तर ‘वीकेण्डला नेऊ’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी व्हेट. पेस्ट कंट्रोलवाल्यांना आधी विचारा की औषधात परमेथ्रिन आहे का. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला विषारी आहे. काळं फिनेल आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या यांनाही घरातून रजा द्या. मांजर पंजे चाटतं, आणि फिनेलमधलं फिनॉल पचवायची सोय त्याच्या लिव्हरमध्ये नसते.

सध्याच्या घरात सगळ्या खिडक्यांना स्टीलची जाळी आहे. ढब्बूचा पाय किंचित लंगडतो, पण फ्रिजवर उडी मारायला त्याला काही अडचण येत नाही. प्लंबरदादा अजूनही ‘उद्या येतो’ म्हणून परवा येतात. आल्यावर आधी ढब्बूच्या टाळूची चौकशी, मग काम. किचनचा नळ गेले दोन महिने थेंब थेंब गळतोय आणि दादा दोनदा नवा वॉशर घेऊन येऊन गेले. पण टिकली वाटीतल्या पाण्याला तोंड लावत नाही, तिला तो थेंबच लागतो. दोन्ही वेळा ती सिंकमध्ये ठिय्या देऊन बसली, दादांनी पाना पिशवीत ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, हिचं पाणी पिऊन होऊ दे. उद्या येतो.’